अँबॅसेडरचं नाक

मोरेश्वरला कोणी संत्र्याची पेटी दाखवली की तो वरचं फळ बघत नसे, थेट तळाशी हात घालायचा. वर मोठी, रसरशीत फळं आणि खाली लिंबाएवढी भरती, हा प्रकार त्यानं पांढुर्ण्याच्या मंडीत उभ्या आयुष्यात इतका पाहिला होता की आता हा देवळातल्या प्रसादाची पुडीही उलटी करून बघतो, असं त्याची आई अंबाबाई म्हणायची. म्हातारी काही खोटं बोलत नव्हती. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ त्यानं आठवडा उलटायच्या आत नागपूरला नेऊन उघडून घेतलं होतं. घड्याळ अस्सल निघालं. तर हा म्हणतो कसा, "मंग त्यानं अस्सल काऊन देलं असंन?" आता अशा माणसाला काय म्हणावं, सांगा.

तर या मोरेश्वरच्या डोक्यात पन्नाशी गाठता गाठता हॉट रॉडचं खूळ शिरलं. पोरगी तृप्ती नागपूरला शिकते. ती दिवाळीत घरी आली आणि तिनं मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दाखवल्या. जुन्यापुराण्या मोटारी, टप कापून बसके केलेले, मागची चाकं रुंद, इंजिन चारचौघांत उघडं, आणि रंग असा की डोळा ठरू नये. बुवा हरखला. त्यानं तिगावच्या एका रिटायर मास्तराच्या आवारात पडलेली अँबॅसेडर उचलली आणि संत्री भरायच्या शेडमध्ये आणून उभी केली. असली गाडी रस्त्यावर काढायची परवानगी मिळते का, हे त्यानं मुद्दामच कोणाला विचारलं नाही. बगीच्यातल्या वाटेवर चालवीन म्हणायचा.

काम अर्थातच हिरामणकडे. हिरामण सौंसरचा डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. शाळेत दोघं एका बाकावर होते, तेव्हापासूनची दोस्ती. हिरामण पांढुर्ण्याला आला की फाटकातूनच "मोऱ्या, भैताडा, हाय का मेला?" अशी हाक घालत सरळ स्वयंपाकघरात जायचा आणि अंबाबाईला न विचारता भाजीवरचं झाकण काढायचा. बोलायला असा की ऐकत राहावं. पण एक होतं, सरळ गोष्ट सरळ सांगितली तर त्याचं पोट दुखायचं. सौंसरहून निघाला असेल तर छिंदवाड्याहून आलो म्हणेल. ताप आला असेल तर साप चावला म्हणेल. थापाडा नंबर एक. आणि तरी मंडीतले दलाल, बगीचेवाले, सोयरे, इतकंच काय पोटची पोरगी, या सगळ्यांच्या पेटीच्या तळाशी हात घालून पाहणाऱ्या मोरेश्वरनं एकट्या हिरामणच्या पेटीत कधी हात घातला नव्हता. जगात त्याचा भरवसा बसलेला हा एकच माणूस होता. दुसरा मिळवायचं त्याचं वयही राहिलं नव्हतं.

तिगावच्या गाडीचं मागचं अंग धडधाकट होतं. पुढचं नाक मात्र, म्हणजे बॉनेट आणि दोन्ही बाजूंचे मडगार्ड, पार सडलेलं. बोट दाबलं की आत जायचं. तेव्हा प्रश्न उभा राहिला, नवं नाक बसवायचं ते फायबरचं की पत्र्याचं.

नागपूरहून फायबरवाला आला. चटपटीत पोरगा. त्यानं नमुन्याचं बॉनेट जमिनीवर ठेवलं आणि बूट घालून त्यावर उभा राहून उड्या मारल्या. "पाहा काका, काही होते का? हलकं, जंगायचं नाव नाही, पाहिजे तो आकार देतो." मोरेश्वर त्याच्या उड्यांकडे नाही, पायांकडे बघत होता. हा मधोमधच काऊन उड्या मारून राहिला? काठावर काऊन नाही? पोरगा गेल्यावर त्यानं तो नमुना हुंगून पाहिला. लग्नमंडपातल्या खुर्च्यांचा वास येत होता.

तृप्ती फोनवर म्हणाली, "बाबा, फायबरच घ्या. गाडी हलकी झाली म्हणजे पळते चांगली."

"तो फायबरवाला तुह्या कॉलेजातला होय का?"

तिनं फोनच ठेवला.

आता पत्र्याची बाजू घ्यायला हिरामण येईल अशी मोरेश्वरची खात्री होती. जन्मभर हा गडी फायबरच्या नावानं थुंकत आला होता. फायबर म्हणजे मोटारीला घातलेला मुखवटा, असं म्हणायचा. तोच हिरामण शेडमध्ये आला, सडक्या नाकाभोवती फिरला, कान खाजवला आणि म्हणाला, "फायबर घेऊन टाक."

मोरेश्वरनं त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणून राहिला हे?"

"मी नाई तं का माहा बाप? अरे, या जुन्या मॉडेलचा अस्सल पत्रा आता भेटत नाई. बाजारात जो भेटते तो पापडावानी. ठोकाले गेलं का फाटते. त्यापेक्षा फायबर बरं. तडकलं तं बदलून टाकू."

"फायबरवाल्यानं किती टेकवले तुले?"

थट्टेतच विचारलं होतं. हिरामणनंही हसून दोन चांगल्या ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. पण थट्टा करता करता मोरेश्वरच्या डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. मग तर त्यानं हट्टच धरला. पत्राच पाहिजे. तो बी अस्सल. कंपनीचा. हिरामणला रोज फोन. भेटला का? पाहिला का? बैतूलले विचारलं का? एखाद्याला वीट यावा इतकं त्यानं त्याच्या मागे टुमणं लावलं.

आणि एक दिवस हिरामणचाच फोन आला. "भेटला बे पत्रा."

"कुठं?"

"नागपूरले. एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याजवळ."

दोन दिवसांनी बोलता बोलता तोच म्हणाला, "आमल्याच्या भंगारात असा माल पडून राहते, लोकाइले कदर नाई." मोरेश्वर म्हणाला, नागपूर म्हणाला होता ना. हिरामण म्हणाला, तेच ते. नागपूर आणि आमला तेच ते कसं, हे मोरेश्वरला काही उमगलं नाही. भाव विचारला तर म्हणे, पाहू मागून. मोरेश्वरनं जन्म व्यापारात काढलेला. भाव न सांगता माल देणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

माल आला तो नेमका शनिवारी, आणि मोरेश्वर संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला गेलेला. संध्याकाळी परतला तर अंबाबाई जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून ओट्यावर पाय चोळत बसली होती.

"हिरा येऊन गेला," ती म्हणाली. "तुह्या गाडीचं सामान टाकून गेला. फायबरचं."

"फायबरचं? कोण म्हणे?"

"तोच म्हणे. मी फाटकात उभी होती नं. मी म्हणलं, का आणलं रे टेंपोत? तं म्हणे, माय, फायबर हाय. मंग येऊ देलं."

मोरेश्वर चपला न काढताच शेडकडे धावला. ताडपत्री ओढली, बॉनेटवर टिचकी मारली. ठण्ण असा आवाज झाला. मडगार्डवर मारली. तोच आवाज. त्यानं उचलून पाहिलं, कंबरेत कळ आली इतकं जड. पत्रा होता. अस्सल, जाड, कंपनीचा, शोधून सापडणार नाही असा.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मोरेश्वर तिथंच एका पालथ्या पेटीवर बसला. फायबर निघालं असतं तर हिरामणनं फसवलं म्हणून भांडता आलं असतं आणि विषय संपला असता. पण हा तर पत्रा निघाला. मग पत्र्याला फायबर म्हणून आत आणायची काय गरज? माणूस मालाचं नाव कधी बदलून सांगतो? माल आपला नसतो तेव्हा.

मग तो बॅटरी घेऊन बारकाईनं बघायला लागला. भंगारवाले गॅसनं कापतात, कडा जळलेल्या असतात. हा पत्रा पान्यानं एकेक बोल्ट उघडून काढलेला होता. बोल्ट आणि वायसरसुद्धा एका फडक्यात नीट बांधून दिलेले. भंगारात एवढं जपून कोण उघडते? मडगार्डच्या आतल्या बाजूला आकाशी रंग जसाच्या तसा होता आणि त्यावर वाळलेलं शेण चिकटलेलं होतं. नागपूरच्या गॅरेजात शेण?

त्यानं हिरामणला फोन लावला. सरळ विचारलं असतं की माझ्या आईला फायबर का म्हणालास, तर ही गोष्ट इथंच मिटली असती. पण शंकेखोर माणूस सरळ विचारत नाही. तो फास लावतो.

"माल चांगला हाय," मोरेश्वर म्हणाला. "कुठून म्हणाला तू?"

"बैतूलहून. सांगतलं नं तुले."

"अन् भाव?"

"तू गाडी बनव नं बे गुमान. भाव भाव करते," असं म्हणून हिरामणनं फोन कापला.

नागपूर, आमला, बैतूल.

माल आणणारा टेंपोवाला कवडू स्टँडवर सापडला. मोरेश्वरनं त्याला चहा पाजला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "शनवारचा तो माल कुठून भरला होता रे?"

कवडूनं बशीत फुंकर मारली. "रामाकोन्याहून. गावाच्या टोकाले गोठा हाय, तेथून. पण हिरामनभाऊ म्हणे कोणाले सांगू नको. तुमी बी नका सांगू."

खरं सांगायचं तर मोरेश्वरला आनंद झाला नाही. एरवी कोणाची लबाडी पकडली की त्याला जेवण गोड लागायचं. चहा तसाच ठेवून तो उठला. घरी येऊन त्या पत्र्याकडे बघत बसला आणि मनाशी म्हणाला, गप बसावं. नाक बसवून घ्यावं, कोणाला कळणार आहे? पण मग दुसरं मन म्हणायचं, उद्या पोलीस आले तर? चोरीचा माल कोणाच्या शेडमध्ये सापडला? मोरेश्वरच्या. आणि तिसरं मन होतं, ते सगळ्यांत वाईट. ते म्हणत होतं, तुला एकाच माणसाचा भरवसा होता ना, घे आता. त्या तिसऱ्या मनाचा त्याला इतका राग आला की सकाळी उठून त्यानं मोटरसायकल काढली.

रामाकोन्याची वाट सौंसरवरूनच जाते. हिरामणच्या गॅरेजसमोर हातोडीचा आवाज येत होता. मोरेश्वरनं दुपट्टा तोंडावर ओढला आणि गाडी जोरात काढली. चोर तो, आणि तोंड लपवायची पाळी आपल्यावर, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

गोठा सापडायला वेळ लागला नाही. बाहेर वेचलेल्या कापसाचा ढीग, आत दोन बैल, आणि बैलांच्या पलीकडे, अर्ध्या अंधारात, ती. आकाशी रंगाची अँबॅसेडर. काचा पुसलेल्या, टपावर धुळीचा कण नाही, आणि पुढून मात्र सपाट. नाक नाही. पुढची चाकं उघडी, इंजिन उघडं, त्याच्यावर कोणीतरी धुतलेलं पोतं पांघरलेलं. मोरेश्वरला मेलेलं माणूस पाहिल्यासारखं झालं.

एक सडपातळ माणूस बैलांना कुटार टाकत होता. मोरेश्वरपेक्षा थोडा लहान असेल. त्यानं मान वर केली. "कोण पाहिजे जी?"

"ही गाडी तुमची?"

"आपलीच समजा."

"इचं पुढचं कुठं गेलं?"

तो माणूस "गेलं," म्हणाला आणि पुन्हा कुटार टाकायला लागला.

मोरेश्वरला वाटलं, गरीब माणूस दिसतो. चोरी झाली आणि बोलायची हिंमत नाही. त्याला त्या माणसाची कीव आली आणि हिरामणचा इतका संताप आला की सगळं भडाभडा बाहेर पडलं. "भाऊ, घाबरू नका. कोणं नेलं ते मले माहीत हाय. सौंसरचा हिरामण डेंटर. त्यानं चोरून नेला तुमचा पत्रा. माल माह्या घरी पडला हाय, पांढुर्ण्याले. मी वापस आणून देतो. चोरीचा माल ठेवणारा माणूस नाई मी. तुमी पोलिसात रिपोट द्या, मी गवाही देतो. पोलिसासमोर सांगतो, हिरामण चोर हाय म्हणून."

बोलून झाल्यावर क्षणभर त्याला हलकं वाटलं. छाती भरून श्वास आला. आपण खरं वागलो असं वाटलं.

त्या माणसानं कुटाराची टोपली खाली ठेवली. हात झटकले. "तुमी मोरेश्वरभाऊ का जी?"

"हो. तुमाले कसं माहीत?"

"मी गौतम. हिरामन माह्या बहिणीचा नवरा होय. गाडी त्याचीच हाय."

बैल कुटार खात होते, तेवढाच आवाज. मोरेश्वरला वाटलं आपण बसावं, पण बसायला काही नव्हतं.

गौतम शांतपणे सांगत गेला. हिरामणनं ही गाडी कितीक वर्षांपूर्वी मोडक्या हालतीत घेतली होती. हाती काम नसलं की रामाकोन्याला यायचा, एकेक भाग ठोकून, घासून नीट करायचा. पोरीची, सुप्रियाची पाठवणी याच गाडीतून करायची होती. "तुमाले दहा खेपा सांगतलं म्हणे, माही बी अँबॅसेडर हाय. तुमी हासले म्हणे."

मोरेश्वरला आठवलं. हसला होता तो. हिरामणच्या थापांमधली आणखी एक म्हणून.

"मंग त्या दिवशी आला," गौतम म्हणाला, "अन् पाने काढून बसला. मी म्हणलं, जवाईबापू, हे का करून राहिले? तं म्हणे, मोऱ्याचा जीव पत्र्यावर अडकला, अन् बाजारात भेटत नाई. माह्या गाडीले मी फायबर लावून घेईन. मी म्हणलं, मंग सांगून द्या ना तसं. तं म्हणे, सांगतलं तं तो घेणार नाई. एवढी मोठी वस्तू दोस्ताकडून फुकट घ्याले लाजंन."

मोरेश्वर इंजिनावरच्या धुतलेल्या पोत्याकडे बघायला लागला.

"एक विचारू का जी?" गौतमचा आवाज चढला नव्हता. "हा पत्रा तुमच्यातल्या कोणा माणसानं आणला असता, अन् असाच खोटं बोलला असता, तं तुमी आंधी त्याले विचारलं असतं का नाई? का सरळ रिपोट लिहाले निघाले असते? आमचं माणूस म्हणलं का चोरच दिसते का तुमाले?"

तसं नाही, असं मोरेश्वरला म्हणायचं होतं. मी सगळ्यांवरच शंका घेतो, सासऱ्यावरसुद्धा घेतली, असं सांगायचं होतं. पण सासऱ्याला तो चोर म्हणाला नव्हता, घड्याळवाल्याकडे गेला होता. हे त्याचं त्यालाच कळलं.

शेवटी कसंबसं म्हणाला, "गौतमभाऊ, हात जोडतो. हिरामणले सांगू नका."

"मी नाई सांगत," गौतम म्हणाला. "पण ते उभी हाय नं."

मोरेश्वरनं मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या दारात प्रमिला उभी होती, हिरामणची बायको. कापूस वेचायला भावाकडे आलेली. मोरेश्वरची मोटरसायकल ओळखून तिनं चहा केला होता आणि कपबशी घेऊन ती दारापर्यंत आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं पदर सावरला, कपबशी भिंतीच्या कोनाड्यात ठेवली आणि घरात निघून गेली. मोरेश्वर "वहिनी" म्हणाला, पण ते तिला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते आईवर राग काढायचं. "तो पत्रा होता माय. तू फायबर काऊन म्हणाली मले?"

अंबाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मले का लोखंड समजत नाई? चुलीवर तवा का फायबरचा हाय?"

"मंग?"

"अरे, शनवार होता. शनवारी लोखंड घरात आणत नाई आपण. मी फाटकात आडवी झाली. आता तो एवढ्या दुरून टेंपो घेऊन आला, वापस पाठवू का? ते बौद्ध लोक, त्यायच्यात काही शनि-बिनि नाई पाळत. पण तो हासला नाई मले. म्हणे, माय, हे लोखंड नोहे, फायबर हाय. मी म्हणलं, फायबर हाय तं येऊ दे. त्यानं माहा शनवार ठेवला, मी त्याची थाप ठेवली. तुले म्हणलं फायबर, तं मले वाटलं तुले समजंन. एवढं का समजाले कठीण होतं?"

मोरेश्वर भिंतीला टेकून खाली बसला. एवढं साधं होतं. त्याच्या मागे जगात माणसं एकमेकांची खोटी बोलणी समजून घेऊन, मान ठेवून, गुण्यागोविंदानं राहत होती, आणि हा बॅटरी घेऊन शेण तपासत होता. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की आईसमोर डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अंबाबाईनं ते पाहिलं आणि मग तिनं विचारलं की झालं तरी काय. त्यानं सगळं सांगितलं. ऐकून ती नुसतीच म्हणाली, "प्रमिलेनं आयकलं?" आणि सूप बाजूला ठेवलं.

दोन दिवस हिरामणचा फोन लागला नाही. मोरेश्वर सौंसरला जायला निघाला होता, तेवढ्यात कवडूचा टेंपो फाटकाशी येऊन थांबला. हिरामण उतरला. टेंपोत फायबरचं नाक होतं, कोरं करकरीत, नागपूरहून आणलेलं. मोरेश्वरच्या जिवात जीव आला. आता हा आत येईल, आईमाईवरून शिव्या घालेल, एखादी थोबाडीत देईल. द्यावीच. मोरेश्वर मार खायच्या तयारीनंच पुढे झाला.

हिरामण फाटकाबाहेरच थांबला. "मोरेश्वरभाऊ, येऊ का आत? काम करून घेतो."

आतून अंबाबाईनं हाक मारली, "हिरा, ये रे. भाकर टाकून राहिली मी. वांगं हाय."

"नाई माय. घरून खाऊन आलो." आवाजात राग नव्हता. रागच नव्हता, हेच वाईट होतं.

त्यानं शेडमध्ये पेटी उघडली, पाने मांडले आणि कामाला लागला. मोरेश्वर त्याच्या भोवती भोवती फिरत राहिला. "हिरा, आयक नं. माहं चुकलं. मी भैताड हाय. आयक तं खरं."

"फायबरच लावून देतो," हिरामण म्हणाला. "तुमाले पत्राच पाहिजे असंन तं बाजारातला आणून देईन. कुठून आणला ते दुकान दाखवीन, भाव सांगीन."

"नको. जो हाय तोच राहू दे. तू देला तो."

"तो चोरीचा हाय नं जी," हिरामण म्हणाला. टोमणा मारायला म्हणाला नाही. योग्य तो पाना शोधता शोधता म्हणाला, आणि पाना सापडला तेव्हा खाली वाकला.

त्यानं काम इतकं नीट केलं की कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. एरवी काम करताना त्याचं तोंड चालायचं, गाडीच्या मालकापासून देशाच्या कारभारापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. आज नुसता पान्याचा आवाज. अंबाबाई ताट घेऊन शेडच्या दारापर्यंत आली. त्यानं उठून तिला दोन्ही हात जोडले, ताटाला हात लावला नाही, टेंपोतली आपली बाटली काढून पाणी प्यायला. म्हातारी ताट घेऊन तशीच परत गेली.

शेवटी तो आणि कवडू पत्र्याचे मडगार्ड टेंपोत चढवू लागले. बॉनेट राहिलं. एका बाजूनं हिरामणनं धरलं, आणि कवडू पुढे यायच्या आत दुसऱ्या बाजूनं मोरेश्वरनं धरलं. दोघांनी उचललं, टेंपोपर्यंत नेलं. तिथं मोरेश्वरनं हात सोडलाच नाही. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून उभा राहिला, पोरगं फाटकाला धरून उभं राहावं तसा.

हिरामण थांबला. घाई न करता, समजूतदारपणे, थांबायचं असतं तसा थांबला. मग म्हणाला, "सोडा जी. बोट चेपंन."

"हिरा, शिव्या दे मले. तुह्या पाया पडतो. एक तं शिवी दे."

हिरामणनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच पाहिलं.

"कायले जी?" तो म्हणाला. "गिऱ्हाईकाले शिवी देत नाई आमी."

मोरेश्वरचे हात सुटले. हिरामणनं बॉनेट आत सरकवलं, दोरी आवळली, गाठ ओढून पाहिली आणि कवडूशेजारी जाऊन बसला.